बसलेले गाल



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आमच्या सरांनी आयुष्यभर शरीररचनाशास्त्र शिकवले. विच्छेदनगृहात चेहऱ्याची पाळी आली की आम्हा विद्यार्थ्यांचा उत्साह मावळायचा, कारण चेहऱ्यात सगळेच बारीक असते आणि सुरी जरा खोल गेली की नस तुटते. सर मात्र त्या आठवड्यात खुलायचे. म्हणून या स्मृतिव्याख्यानासाठी विषय विचारला गेला तेव्हा मी चेहराच निवडला, आणि त्यातली एकच गोष्ट: चेहऱ्याचा भरीवपणा जातो कसा आणि का.

हा विषय आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. लग्नाच्या पंगतीत, पुण्याच्या तुळशीबागेत, बँकेच्या रांगेत जुने माणूस भेटले की पहिले वाक्य ठरलेले असते: "अहो, केवढे वाळलात! गाल पार बसले की." दुसऱ्या वाक्यात निदान तयार. साखर वाढली असणार. घरात काही तरी बिनसले असणार. मोठे दुखणे लपवताय. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी जाणतो. पण चेहऱ्यावरून केलेली ही झटपट निदाने बहुतेक वेळा चुकतात, आणि ज्याचा चेहरा असतो त्याला ती महागात पडतात. या शहरात एका काळात ती किती महागात पडली ते पुढे सांगणार आहे. त्याआधी आत काय असते ते पाहू.

आता एक करा. आपली तर्जनी डोळ्याखाली, हाड लागेल तिथे ठेवा. ही डोळ्याच्या खोबणीची खालची कड. तिथून बोट नाकाच्या कडेने वरच्या ओठाकडे आणा. हे वरच्या जबड्याचे हाड. गालाचा मधला भाग, नाकाच्या दोन्ही बाजू, वरचा ओठ, हे सगळे त्यावर टेकलेले आहे. उंची वाढायची थांबली की हाडांचे काम संपले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाड रोज झिजते आणि रोज भरून निघते, आणि चेहऱ्याच्या काही ठरावीक जागी वयानुसार झीज जास्त आणि भर कमी होत जाते. अमेरिकेतले शल्यचिकित्सक शॉ आणि कान यांनी तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांच्या चेहऱ्यांची सीटी स्कॅन ओळीने मोजली. २००७ पासून त्यांचे हे काम प्रसिद्ध होत गेले. त्यात दिसले ते असे: डोळ्याची खोबण रुंदावते, वरच्या बाजूला नाकाकडचा कोपरा आणि खालच्या बाजूला कानाकडचा कोपरा आधी झिजतो. वरचा जबडा मागे सरकतो. नाकाच्या हाडाची चौकट मोठी होते, म्हणून म्हातारपणी नाकाचा शेंडा खाली झुकतो. खालच्या जबड्याचा कानाखालचा कोन पसरट होतो.

मांडवाचे खांब आखूड झाले आणि कापड तेवढेच राहिले तर कापडाला झोळ पडणारच. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी जी घडी आपण आरशात बोटाने ताणून पाहतो, तिचा बराचसा उगम कातडीत नसतो. तो तिच्या खाली, मागे सरकलेल्या त्या हाडात असतो. क्रीम लावून ती घडी जात नाही, याचे कारण इतके साधे आहे.

हाडावर चरबी असते. तिच्याबद्दल आम्ही विद्यार्थी असताना जे वाचले ते आता जुने झाले. चेहऱ्याची चरबी म्हणजे कातडीखाली पसरलेला एक सलग थर, असे पुस्तकांतून सरसकट लिहिलेले असे. २००७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये रोरिच आणि पेसा यांनी मृतदेहांच्या गालात मेथिलिन ब्लू हे निळे रंगद्रव्य सुईने सोडले आणि नंतर विच्छेदन केले. रंग पसरला, पण एका ठरावीक रेषेपर्यंत येऊन थांबला. दुसऱ्या जागी सुई घातली, तिथला रंग त्याच्या रेषेवर थांबला. पातळ पडदे मध्ये होते, आणि त्यांच्या आड चरबीचे वेगवेगळे कप्पे होते: डोळ्याखालचा, नाकाजवळचा, गालाच्या मध्यावरचा, कानापुढचा, कानशिलावरचा. काही वर वर, काही हाडाला चिकटून खोल. हे सगळे कप्पे एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात रिकामे होत नाहीत. मधल्या गालाचा खोल कप्पा आधी आटतो. त्याचा आधार गेला की वरचा कप्पा पुढे ओघळतो. म्हणून एकाच चेहऱ्यावर डोळ्याखाली खळगा आणि जबड्याच्या कडेला लोंबते मांस, दोन्ही एकदम दिसतात. माणूस बारीकही झालेला असतो आणि सुटलेलाही.

सगळे गुरुत्वाकर्षणाने खाली येते, ही समजूतही त्याच सुमारास ढिली झाली. कॅलिफोर्नियातले व्हॅल लॅम्ब्रोस यांनी आपल्याकडे आलेल्या माणसांचे तरुणपणीचे फोटो मागवले आणि ते आत्ताच्या फोटोंवर अचूक बसवले. गालावरचे तीळ, डोळ्याखालच्या बारीक खुणा पाहिल्या. पंधरा-वीस वर्षे लोटली तरी डोळ्याखालचे आणि गालाच्या वरच्या भागातले बहुतेक तीळ होते त्याच जागी होते. कातडी तिथून घसरली नव्हती, तिच्याखालचा भराव कमी झाला होता. मला हा पुरावा फार आवडतो. त्याला कसलेही महागडे यंत्र लागले नाही. जुने फोटो आणि चिकाटी एवढ्यावर काम झाले. आपापल्या घरातले अल्बम काढून कुणीही तो पडताळू शकेल.

कातडीबद्दल फार बोलत नाही, कारण जाहिराती तिच्याबद्दलच बोलत असतात. दोन गोष्टी मात्र सांगतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रीच्या कातडीतले कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीतल्या बाईला "अचानक काय झालं गं तुला?" असे विचारले जाते, आणि ती स्वतःच्याच झोपेत, जेवणात, काळजीत कारण शोधत बसते. इस्ट्रोजेन ओसरले, हे तिला कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षे खिडकीकडून ऊन घेतलेला त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. काचेतून येणारे अतिनील किरण कातडीत खोलवर शिरतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून झळ उजव्या गालाला. स्वारगेटहून रोज बस काढणाऱ्या चालकांनी आरशात दोन्ही गाल एकदा ताडून पाहावेत.

दातांपाशी मात्र थांबायला हवे. पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत गाल बसण्याचे जे कारण मी सर्वांत जास्त पाहिले आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते हे आहे.

दात हिरडीत रोवलेला असतो असे आपण म्हणतो, पण तो उभा असतो हाडात, आणि ते हाड दातासाठीच असते. चावताना दातावर येणारा दाब मुळाभोवतीच्या तंतूंमधून हाडाला पोहोचतो आणि हाड टिकून राहते. दात काढला की त्या हाडाला कामच उरत नाही, आणि शरीर बिनकामाचे हाड ठेवत नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची जवळजवळ निम्मी रुंदी जाते, त्यातही बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. पुढे झीज मंदावते पण थांबत नाही. वरच्यापेक्षा खालचा जबडा कितीतरी वेगाने झिजतो. दाढा गेल्या की गालाला आतून टेकू राहत नाही आणि तो आत ओढला जातो. सगळे दात गेले की ओठ तोंडात वळतात, नाकाची आणि हनुवटीची भेट होऊ लागते, आणि साठीची बाई ऐंशीची दिसते.

आता हे दात जातात कशाने? आपल्याकडे मिशेरीने जातात. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, बारीक करायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना चोळायची. दात स्वच्छ करायचे म्हणून सुरू होते आणि पुढे तिच्यावाचून शौचाला होत नाही. हिरड्या सुटतात, दात हलतात, आणि हलायला लागलेला दात काढून टाकणे हाच स्वस्तातला इलाज असतो. मुळशी, वेल्हे, भोर भागातून येणाऱ्या बायकांची कहाणी बहुतेक अशीच: एकेक दाढ काढत गेले, पुढचे दिसणारे दात ठेवले, आणि कवळीचे "बघू नंतर". नंतर कवळी करायला घ्यावी तर तिला धरायला हाडच उरलेले नसते. ती सैल बसते, बोलताना उडते, आणि डब्यात जाऊन पडते. दाढ काढतानाच तिथे पुढे काय बसवायचे हे दंतवैद्याशी बोलून घेतले, तर गालाचे पुढचे बरेच नुकसान टळते. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या आईची, सासूची दाढ काढायची असेल, तर तेवढे विचाराच.

आजारपणातही गाल बसतात, आणि ते ओळखायची एक शिस्त आहे. आहारतज्ज्ञ माणूस तपासताना कानशील दाबून पाहतात, कारण तिथे चावण्याचा मोठा स्नायू असतो आणि उपासमारीत, क्षयात, कर्करोगात तो वाळतो. डोळ्याखालची चरबीची गादी चाचपतात. लहान बाळाच्या गालात चोखायच्या कामाची एक वेगळी, घट्ट चरबी असते. शरीरातली बाकी चरबी संपत आली तरी बाळ ती शेवटपर्यंत राखून ठेवते. मेळघाटातल्या कुपोषित बाळांचे जे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो, त्यांत काही बाळे म्हाताऱ्यासारखी दिसतात, कारण ती शेवटची राखीव चरबीही गेलेली असते. त्या गालांकडे पाहिल्यावर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यायचे असते. मोठ्या माणसाचे गाल दोन-तीन महिन्यांत बसले, कपडे सैल झाले, संध्याकाळी अंग गरम लागते, असे असेल तर तेही दवाखान्याचे काम आहे. वर्षानुवर्षे हळूहळू बसलेल्या गालांची गोष्ट वेगळी. किती काळात बसले, हा पहिला प्रश्न; आणि नेमका तोच वाटेत भेटणारे विचारत नाहीत.

आता सुरुवातीला म्हटले त्या काळाकडे येतो.

१९९२ साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिला तेव्हा सगळे 'नारी' म्हणत. त्या दशकात एचआयव्हीची तपासणी होत होती, निदान होत होते, आणि निदानानंतर हातात देण्यासारखे फारसे काही नव्हते. पाश्चात्त्य देशांत तीन औषधांचा उपचार निघाला होता, पण त्याचा खर्च माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे एकाच गोळीत आली. १ एप्रिल २००४ ला केंद्र सरकारने सर्वाधिक लागण असलेल्या राज्यांत हा उपचार मोफत सुरू केला, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना त्या गोळीची किमया सांगून पटणार नाही. स्ट्रेचरवरून आणलेली माणसे तीन महिन्यांत आपल्या पायांनी औषध न्यायला यायची. वजनकाट्यावर दहा-बारा किलो वाढ दिसायची. बायका डोक्याला गजरा माळून यायच्या. मी हे सगळे आधी सांगतो आहे, कारण पुढचे ऐकून त्या औषधाला कुणी विष ठरवू नये. त्या गोळीने लाखो जीव वाचवले.

वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षे जायची. आणि वजन टिकून असताना गाल बसायला लागायचे.

स्टॅव्ह्युडिन विषाणूला आपली नक्कल करू देत नाही. पण आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनाही स्वतःचा डीएनए असतो, आणि त्याची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज गॅमा या एन्झाइमलाही स्टॅव्ह्युडिन अडवते. ऊर्जा बंद पडलेल्या चरबीच्या पेशी मरतात. ही झीज कातडीखालच्या चरबीची, आणि तीही विशिष्ट ठिकाणची: गाल, कानशिले, हात, पाय, नितंब. पोट तसेच राहते किंवा वाढते. म्हणून हा चेहरा उपाशी माणसाच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा दिसे. गालाच्या हाडाखाली बोट ठेवावे इतकी सरळ उभी खाच, कानशिलात वाटी, आणि खाली अंग मात्र धडधाकट. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. एकदा पाहिला की पुन्हा ओळखू येणारा चेहरा होता तो. पुण्यातलेच डॉ. संजय पुजारी आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली पश्चिम भारतातल्या रुग्णांमधले हे चरबीचे बदल मोजून प्रसिद्ध केले. हा परदेशी पुस्तकातला दुर्मीळ दुष्परिणाम नसून आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारी गोष्ट आहे, हे त्यामुळे कागदावर आले.

एक रिक्षाचालक माझ्याकडे यायचे. औषधाने उत्तम गुण आलेला, रक्ताचे आकडे चांगले, रोज आठ-दहा तास रिक्षा चालवत. त्यांनी दाढी राखायला सुरुवात केली. मग मे महिन्यातही मफलर. एके दिवशी आले ते गोळ्यांचा डबा घेऊन, आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी आजार मला एकट्याला ठाऊक होता. आता ही गोळी सगळ्या स्टँडला सांगते." वस्तीत ज्यांचे गाल तसे बसले होते अशी दोन-तीन माणसे होती. त्यांतल्या एकाचा आजार लोकांना कळला होता. मग त्याच्या गालांवरून बाकीच्यांचा कळला. या रिक्षाचालकांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती.

एका बाईने तर पुतण्याच्या लग्नात फोटोला उभे राहताना दोन्ही गालांत कापसाचे बोळे धरले होते. जेवायच्या वेळी ते काढायचे कुठे, म्हणून ती न जेवता परत आली. हे तिने मला सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे. असे करण्याने तोंडाला काही अपाय तर होणार नाही ना, एवढेच तिला विचारायचे होते.

गोळी बंद करणारे होते. एक दिवसाआड घेणारे होते. आणि अशी तुटक घेतलेली गोळी विषाणूला औषध पचवायला शिकवते. मग तीही निकामी होते आणि तिच्या घराण्यातली दुसरीही. माणसे विषाणूने दगावत नव्हती तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरेने उपचाराबाहेर जात होती. सुरुवातीला मी ज्या झटपट निदानांबद्दल बोललो, ती मला इथे आठवतात. "काय झालं तुम्हाला, इतके कसे वाळलात?" हा प्रश्न त्या माणसाला दिवसातून किती वेळा ऐकावा लागत असेल, आणि त्याला दर वेळी कोणते खोटे उत्तर तयार ठेवावे लागत असेल, याचा विचार विचारणाऱ्यांपैकी कुणी केला नव्हता.

डॉक्टरांनाही हे गाऱ्हाणे क्षुल्लक वाटायचे, हे सांगायला हवे. जीव वाचला, आता दिसण्याचे काय घेऊन बसलात, असे म्हटले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सर्वांसाठी स्टॅव्ह्युडिनचा डोस ४० वरून ३० मिलिग्रॅमवर आणला, आणि २००९ च्या अखेरीस हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. पुढच्या काही वर्षांत आपल्या सरकारी कार्यक्रमातही त्याची जागा टेनोफोविरने घेतली. आज ज्याला नव्याने उपचार सुरू होतो, त्याचे गाल औषधाने बसत नाहीत. पण आधी ज्यांचे बसले, त्यांच्यात गोळी बदलल्यावर चरबी फार हळू परतली, आणि पूर्ण कधीच परतली नाही. ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत, पुण्यातच आहेत, आणि त्यांच्या गालांवर आता वयाची झीज त्या जुन्या झिजेत भर घालते आहे.

गेलेले परत भरता येते का? या प्रश्नाशी पुण्याचे नाते जुने आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले गेले. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायला होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीतल्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज वैद्य ती शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरल्या भागावर बसवून माप घेतले, तो पत्रा कपाळावर पसरून त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोलली, पण भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी तोडली नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहिले, म्हणून उलटी वळवून खाली बसवलेली कातडी जगली. जोडावर कात लावला. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हे वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तशी शस्त्रक्रिया केली आणि ती युरोपात पसरली. कपाळाची कातडी अशी वळवून नाक करण्याची पद्धत आजही वापरात आहे. त्या कारागिराचे नाव मात्र पत्रलेखकाने लिहिले नाही, आणि हे मला फार लागते.

माणसाच्याच अंगचे घेऊन त्याच्याच चेहऱ्याला द्यायचे, हे तत्त्व गालांनाही लागू पडते. १८९३ साली जर्मनीत गुस्ताव न्यूबर यांनी दंडातल्या चरबीचे छोटे तुकडे चेहऱ्यावरच्या खोल व्रणात भरले होते. आता पोटाच्या कातडीखालची चरबी सुईने ओढून, गाळून, थेंबाथेंबाने गालाच्या कप्प्यांत सोडतात. काही चरबी तिथे रुजते, काही विरघळून जाते. स्टॅव्ह्युडिनच्या रुग्णांत अडचण अशी की दान करायला त्यांच्या कातडीखाली चरबीच उरलेली नसते. त्यांच्यासाठी पॉलिलॅक्टिक ॲसिडचे इंजेक्शन अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले. ते स्वतः जागा भरत नाही. त्याच्याभोवती शरीर कोलॅजेन तयार करते. आणि हायलुरॉनिक ॲसिडची फिलर्स तर आता कोरेगाव पार्क, बाणेरच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतात.

या फिलर्सबद्दल एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. नाकाच्या कडेने आणि दोन भुवयांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा संबंध डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिनीशी असतो. सुई वाहिनीत गेली आणि द्रव दाबला गेला, तर त्या जागेचा रक्तपुरवठा तुटून कातडी काळी पडू शकते, आणि क्वचित डोळा कायमचा जातो. हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारे एन्झाइम जवळ असेल आणि ते ताबडतोब वापरता येत असेल, तरच ही सुई टोचावी. ब्यूटी पार्लरमध्ये, एखाद्या शिबिरात, मैत्रिणीच्या ओळखीच्या मुलीकडून ती टोचून घेऊ नये. १९०० च्या सुमारास व्हिएन्नात गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचायला सुरुवात केली, तेही तेव्हा सोपे आणि स्वस्त वाटले होते. काही वर्षांनी त्या चेहऱ्यांवर कठीण गाठी आल्या आणि त्या काढता येईनात. वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांनी ज्यांचे गाल बसले आहेत, त्यांनी वजन स्थिर होईपर्यंत तरी वाट पाहावी. घाईने भरलेला गाल पुढे वजन वाढले की बेढब दिसतो.

आणि ज्यांच्यासाठी हे भरणे सर्वांत गरजेचे आहे, त्यांच्या आवाक्यात ते नाही. अमेरिकेत २०१० साली सरकारी विमा योजनेने मान्य केले की एचआयव्हीच्या औषधांमुळे गाल बसले असतील आणि त्यातून नैराश्य आले असेल, तर ही इंजेक्शने उपचारात धरायची, सौंदर्योपचारात नाही. एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या आपल्या सरकारी एआरटी केंद्रांत गोळ्या मोफत मिळतात, रक्ततपासण्या मोफत होतात. ज्या गोळीने गाल बसले तीही सरकारनेच दिली होती. तिने केलेली खाच भरून देणे हा त्याच उपचाराचा राहिलेला भाग आहे, असे मी मानतो.

इंजेक्शनांचा खर्च मोठा आहे म्हणून तोवर थांबायचीही गरज नाही. दंतवैद्य कवळीच्या दोन्ही बाजूंना गालाला आतून टेकू देणारे ॲक्रिलिकचे पंख बसवू शकतात. त्यांना प्लम्पर म्हणतात. दात शाबूत असतील तर ते दाढांना अडकवता येतात, जेवताना काढता येतात, धुऊन पुन्हा लावता येतात. कापसाचे बोळे धरणाऱ्या त्या बाईंना एका दंतवैद्य मित्राने असे करून दिले. खर्च कवळीइतकाच आला. पुण्यात दंत महाविद्यालये आहेत, कृत्रिम दंतशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, आणि त्यांना शिकायला रुग्ण हवेच असतात. एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची आणि महाविद्यालयाने आठवड्यातली एक दुपार राखून ठेवायची. आज इथे दोन्ही बाजूंची माणसे बसलेली मला दिसताहेत. व्याख्यानानंतर चहाला कृपया थांबा. मी तारीख ठरवूनच जाणार आहे.